जॉन हर्टचा अंगठा थांबत का नाही

तुमचा प्रश्न सकाळीच वाचला होता पण क्लासच्या गडबडीत राहून गेलं, आता रात्री निवांत बसून लिहितोय, लांबेल जरा. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: दोन वर्षं गिटार शिकताय, कॉर्ड्स येतात, मिसिसिपी जॉन हर्ट हा जुना अमेरिकन गिटारवाला-गायक ऐकला आणि वेड लागलं, टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते दाखवणारं लिखाण) शोधून काढले, सूर सगळे बरोबर पडतात, तरी त्याचं ऐकताना दोन गिटारी वाजतायत असं जे वाटतं ते तुमच्या हातून काही होत नाही. आणि मग शेवटच्या दोन ओळीत तुम्ही असंही विचारलंय की हा माणूस १९२८ला रेकॉर्ड झाला आणि नंतर ३५ वर्षं गायब, एवढा गुणी असून त्याचं करिअर का झालं नाही, आणि त्याचंच झालं नाही तर नोकरी सांभाळून रात्री तासभर वाजवणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढा जीव कशाला काढायचा.

पहिल्या प्रश्नाला उत्तरं भरपूर मिळतील तुम्हाला, कुणी व्यायाम सांगेल, कुणी व्हिडिओची लिंक देईल. पण माझ्या मते तुमचे दोन्ही प्रश्न एकच आहेत. त्याचा अंगठा तसा का चालतो याचं उत्तर तो आयुष्यभर कुठे राहिला आणि कुणासाठी वाजवत राहिला यात आहे. मी पुण्यात २२ वर्षं फिंगरस्टाईल, म्हणजे बोटांनी तारा छेडून गिटार वाजवणं, शिकवतोय, येणारे बहुतेक नोकरीवालेच, आणि हर्टची गाणी मी जवळजवळ प्रत्येकाला शिकवतो, त्यामुळे हे अगदी मनापासून लिहितोय.

आधीच एक कबूल करतो. किती दिवसात जमेल हे मी सांगू शकत नाही. तुमचा हात आधी पिकने (तार छेडायच्या प्लास्टिकच्या तुकड्याने) वाजवून तयार झालाय का, रोज वीस मिनिटं मिळतात की रविवारीच दोन तास, गिटारच्या तारा किती उंच आहेत, गातागाता वाजवायचंय की नुसतं वाजवायचंय, यावर खूप अवलंबून आहे. माझ्याकडे एकाला सहा आठवड्यात आलं आणि एका बाईंना वर्ष लागलं, आणि आज त्या बाई जास्त छान वाजवतात. तेव्हा दिवस मोजू नका.

आता माणूस. जॉन हर्ट १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिसिसिपी राज्यातल्या कॅरोल काउंटीत जन्मला आणि एव्हलॉन नावाच्या वस्तीत वाढला. वस्तीच म्हणायची, एक दुकान, थोडी घरं, आजूबाजूला कापूस. नकाशात बघितलंत तर मिसिसिपी नदीकाठचा डेल्टा म्हणतात तो सपाट प्रदेश जिथे संपतो आणि टेकड्या चालू होतात तिथे, त्या काठावर एव्हलॉन आहे. हे मी मुद्दाम सांगतोय कारण इंटरनेटवर सगळीकडे त्याला 'डेल्टा ब्लूज'च्या, म्हणजे तिथल्या काळ्या वादकांच्या ब्लूज गाण्यांच्या, खणात टाकलेलं असतं आणि मग लोक चार्ली पॅटन, सन हाउस असे डेल्टाचे वादक ऐकून त्याच अपेक्षेने याच्याकडे येतात आणि गोंधळतात. डेल्टावाल्यांचा आवाज घशातून खरवडून येतो, तार आपटतात, तारांवर स्लाइड (काचेची किंवा धातूची नळी) घासतात. हर्ट शेजारी बसून गोष्ट सांगितल्यासारखा गातो. शिवाय त्याच्याकडे बारा बारच्या ठरलेल्या साच्यातले ब्लूज तसे कमीच, जास्त करून जुने पोवाड्यासारखे कथागीतांचे प्रकार, रॅगटाइमच्या चाली, चर्चमधली भजनं, नाचाची गाणी. अशा वादकाला तिकडे 'साँगस्टर' म्हणतात, म्हणजे गावात जे जे लागेल ते ते वाजवू शकणारा माणूस. ब्लूज हा त्यातला एक कप्पा.

शिकला कसा, तर घरी एक पाहुणा यायचा त्याची गिटार, तो झोपला की रात्री हळूच घेऊन. पोराला हात लावायची परवानगी नव्हती. पुढे आईने दीड डॉलरला एक जुनी गिटार घेऊन दिली. शाळा चौथीनंतर सुटली आणि शेती चालू. ही शेती म्हणजे आपल्याकडच्या अर्धेलीसारखी, जमीन मालकाची, राबणार तुम्ही, बी-बियाणं आणि किराणा उधारीवर, आणि हंगाम संपला की हिशोबात तुमच्या हातात काय उरणार ते मालकाच्या वहीवर. गोऱ्यांच्या राज्यात काळ्या माणसाने त्या वहीवर बोट ठेवायची सोय नव्हती. मधे काही महिने तो रेल्वेच्या रुळांवरही कामाला होता, 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज' हे हातोडा मारणाऱ्या मजुरांचं गाणं तिथूनच त्याच्याकडे आलं.

आणि शनिवारी रात्री वाजवायचं. इथे थांबा जरा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

एखाद्याच्या घरातलं सामान बाहेर काढून खोली मोकळी करायची, लोक जमायचे, आणि नाच. ड्रम नाही, बेस नाही, माईक नाही. एक माणूस, एक गिटार. लोकांचे पाय लाकडी जमिनीवर पडतायत आणि त्या आवाजातून त्यांना ठेका कळायला हवा. म्हणजे ढोल पण तूच, बेस पण तूच, आणि वरची चाल पण तूच, वर गायचं पण. अशा ठिकाणी वरच्या तारेवरचा एखादा सूर चुकला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण अंगठा अडखळला तर अख्खी खोली अडखळते. त्याचा अंगठा असा तयार झालाय. वर्षानुवर्षं लोकांच्या पायांनी तो घडवलाय. टॅबमधे सूर लिहिलेले असतात, ते पाय लिहिलेले नसतात.

मला हे पुस्तक वाचून कळलेलं नाही. शिकायला लागून पाचेक वर्षं झाली होती, मामेबहिणीच्या हळदीच्या रात्री अंगणात बसून मी असंच काहीतरी वाजवत होतो, डीजे दहाला बंद झाला होता, आणि चार-पाच पोरं त्याच्यावर उड्या मारायला लागली. तोपर्यंत मी घरी वाजवताना एखादी अवघड जागा आली की नकळत अर्धी मात्रा थांबायचो, बोटं जागेवर न्यायचो आणि पुढे जायचो, आणि मला ते ऐकूच यायचं नाही. त्या रात्री मी थांबलो आणि पोरं हवेतून खाली येऊन माझ्याकडे बघायला लागली. दुसऱ्यांदा पण तेच. तिसऱ्यांदा मी वरची चाल सोडून दिली आणि नुसता अंगठा चालू ठेवला, पोरं खूश, मी पण खूश. त्या एका रात्रीत जे कळलं ते पाच वर्षांत कळलं नव्हतं.

आता हात जवळून बघू. त्याचे १९६०च्या दशकातले व्हिडिओ आहेत, आवाज बंद करून बघा, उजव्या हाताकडे. अनामिका आणि करंगळी गिटारच्या लाकडावर टेकलेली असतात, खुंटी ठोकल्यासारखी, हात तरंगत नाही. वाजवतात फक्त तीन बोटं, अंगठा, तर्जनी, मधलं. पिक वगैरे काही नाही, उघडी बोटं. अंगठा खालच्या (म्हणजे खालच्या सुरांच्या) तीन जाड्या तारांचा मालक, बाकीची दोन बोटं वरच्या पातळ तारांची. अंगठा प्रत्येक मात्रेला पडतो, एक सुद्धा चुकत नाही, आणि एकाच तारेवर न पडता दोन तारांमधे आलटून पालटून जातो. तबल्याचं उदाहरण देतो मी विद्यार्थ्यांना, अंगठा म्हणजे डग्गा आणि दोन बोटं म्हणजे चाट, आणि डग्गा डोक्यात नीट बसल्याशिवाय चाटेवरची कारागिरी करायची नसते.

सी कॉर्ड धरा, नेहमीचीच. 'लुइस कॉलिन्स' असंच सी मधे वाजतं. पहिल्या मात्रेला अंगठा पाचव्या तारेवर, तिथे तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या पट्ट्यांमधल्या तिसऱ्या घरात) सी आहे. दुसऱ्या मात्रेला चौथी तार, दुसऱ्या फ्रेटवरचा ई. तिसऱ्या मात्रेला डाव्या हाताचं तिसरं बोट पाचव्या तारेवरून उचलून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, तिथे जी मिळतो. चौथ्या मात्रेला परत चौथी तार. पाच, चार, सहा, चार. झालं, एवढंच. आणि ते बोट पाचव्यावरून सहाव्यावर आणि परत पाचव्यावर जातंय ते अंगठ्याला कळता कामा नये, त्याने आपलं चालत राहायचं, बैलगाडीच्या बैलासारखं.

एफ कॉर्ड आली की बहुतेकांची गाडी तिथे अडते, कारण बॅरे करायला, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायला जातात. हर्ट डाव्या हाताचा अंगठा मानेवरून पलीकडे आणून सहाव्या तारेचा पहिला फ्रेट दाबतो. क्लासिकल गिटारवाल्या सरांना हे आवडत नाही, पण या संगीतात हीच पद्धत आहे कारण त्यामुळे बाकीची बोटं मोकळी राहतात चाल वाजवायला. तुमचा अंगठा पोचत नसेल तर गिटारची मान जरा वर करून धरा, तरी नाही पोचला तर एफ च्या वेळी चौथ्या आणि पाचव्या तारेवरच भागवा, काही बिघडत नाही.

आता वरची बोटं. इथे दोनच गोष्टी होतात, एकतर बोट अंगठ्याबरोबर एकदम पडतं, चिमटीसारखं, किंवा अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत पडतं. गंमत सगळी त्या मधल्या जागेत आहे. चालीतला जो सूर तुम्हाला मात्रेवर यायला हवा असं वाटतं तो हर्ट बऱ्याचदा अर्धी मात्रा आधीच टाकून मोकळा होतो, म्हणून चाल पुढे झुकलेली वाटते आणि खाली ठेका शांतपणे चाललेला असतो, आणि कानाला वाटतं ही दोन माणसं आहेत. तुमच्याकडून ते होत नाही कारण तुम्ही टॅब एका ओळीसारखे वाचताय. टॅबमधे सहा रेघांवर अंगठा आणि बोटं एकत्रच लिहिलेली असतात, डोळा ते डावीकडून उजवीकडे एकामागे एक वाचतो, आणि हात पण मग एकामागे एक असेच शिकतो, एक लांबलचक माळ. माळ तुटली की सगळंच थांबतं. दोन थर वेगळे झालेलेच नसतात. सूर सगळे बरोबर आणि तरी गाणं नाही, असं जे तुम्ही लिहिलंय ते यामुळे.

म्हणून मी काय करायला लावतो ते सांगतो. पहिले दोन-तीन आठवडे वरच्या तारांना हात लावायचा नाही. फक्त पाच-चार-सहा-चार, मेट्रोनोम ६० वर, सी, मग एफ, मग जी, बदलताना न थांबता. त्यानंतर अंगठा चालू ठेवून बोलायचं. खरंच बोलायचं, घरातल्यांशी, आज ऑफिसात काय झालं, भाजी कुठली आणायची. सुरुवातीला वाक्य बोलायला लागलात की अंगठा थांबेल, किंवा तुम्ही अंगठ्याच्या तालात बोलायला लागाल. ज्या दिवशी अंगठा एकीकडे आणि बोलणं एकीकडे असं होईल त्या दिवशी तर्जनी आत घ्या, आधी एकच सूर, मात्रेवर, मग तोच सूर मधल्या जागेत. आणि गाताना सुद्धा हेच उपयोगी पडतं, हर्ट कित्येकदा ओळीचा शेवट गातच नाही, तो शब्द गिटारवर वाजवून सोडून देतो, इतका त्याचा हात आणि गळा एकमेकांना ओळखतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, अंगठा हा ठेका आहे, तो आधी एकटा पक्का करायचा, आणि तो नाचणाऱ्यांसाठी आहे हे डोक्यात ठेवायचं. आता तुमचा करिअरचा प्रश्न.

तो रेकॉर्ड झाला कसा हे ऐका. एव्हलॉनच्याच भागात विली नार्मोर नावाचा एक गोरा फिडलवाला होता, त्याचा नेहमीचा गिटारवाला शेल स्मिथ. स्मिथ नसला की नार्मोर नाचांना साथीला हर्टला घ्यायचा. त्या काळी मिसिसिपीत गोरा आणि काळा एका बाकावर बसून प्रवास करू शकत नव्हते, पण नाचाला साथीला चालायचा. ओके रेकॉर्ड्स या कंपनीचा टॉमी रॉकवेल नार्मोरकडे आला तेव्हा नार्मोरने हर्टचं नाव सांगितलं. फेब्रुवारी १९२८ मधे मेम्फिसला आठ गाणी झाली आणि त्यातली दोनच बाजारात आली, 'फ्रँकी' त्यातलं एक. नंतर हर्टने त्या रेकॉर्डिंगची आठवण सांगितली आहे ती मला फार जिवंत वाटते. मोठा थोरला हॉल, आत माणसं तीनच, हा, रॉकवेल आणि इंजिनिअर. याला खुर्चीवर बसवलं, माईक पार तोंडाशी आणून ठेवला आणि सांगितलं की आता डोकं जरा सुद्धा हलवायचं नाही. नाचाच्या खोलीत वाजवणारा माणूस, शेजारी-पाजारी, आरडाओरडा, घाम, अशा जागी वाजवायची सवय, आणि त्याला रिकाम्या हॉलमधे पुतळ्यासारखं बसायला सांगितलंय. मान नंतर कित्येक दिवस दुखत होती म्हणे. आता परत 'फ्रँकी' ऐका आणि बघा, त्या अंगठ्यावर याची एक खूण तरी दिसते का.

डिसेंबर १९२८ मधे न्यूयॉर्कला बोलावलं, तिथे उरलेली गाणी झाली. घराची आठवण येत होती म्हणून तिथेच त्याने 'एव्हलॉन ब्लूज' बांधलं, त्यात आपलं गाव एव्हलॉन आणि ते सतत मनात असतं असं एका ओळीत आहे. ही ओळ लक्षात ठेवा. नावापुढे 'मिसिसिपी' हे पण कंपनीनेच लावलं, माल खपावा म्हणून. एकूण बाजारात आल्या सहा तबकड्या, म्हणजे बारा गाणी. आणि अजून एक, कंपन्यांनी संगीताचे रंगावरून दोन कॅटलॉग केले होते, काळ्यांच्या तबकड्या 'रेस रेकॉर्ड्स', गोऱ्यांच्या दुसरीकडे. नार्मोर आणि हर्ट एकाच गावचे, एकाच नाचाला वाजवणारे, त्यांच्या तबकड्या मात्र वेगवेगळ्या यादीत. नार्मोर-स्मिथचं 'कॅरोल काउंटी ब्लूज' पुढच्या वर्षी चाललं सुद्धा. हर्टच्या फारशा खपल्या नाहीत.

त्यानंतर १९२९ची मंदी आली. अमेरिकेत १९२७ला १० कोटींच्या वर तबकड्या विकल्या जायच्या, १९३२ला तो आकडा ६० लाखांच्या आसपास आला. ज्यांच्याकडे खायला नाही ते गाणी कुठून विकत घेणार. ओकेचा धंदा बसला, हर्टला परत कुणी बोलावलं नाही, तो एव्हलॉनला होता तिथेच राहिला. कापूस, गुरं, पडेल ते काम, बायको जेसी, मुलं, आणि शनिवारी गिटार.

तर 'करिअर का झालं नाही' याचं सरळ उत्तर हे आहे, गुणात काही कमी नव्हतं, बाजार कोसळला आणि त्या बाजारात शिरायचा त्याचा एकमेव दरवाजा दुसऱ्याच्या हातात होता. पण 'गायब झाला' हा शब्द मला मान्य नाही. कुणाच्या दृष्टीने गायब? न्यूयॉर्कच्या. एव्हलॉनमधे विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं की अहो तो काय, टेकडीवर राहतो, शनिवारी अमक्याकडे वाजवायला होता. त्या भागाला जो वादक हवा होता तो त्यांच्याकडे ३५ वर्षं होता. आणि याच्या उलट टोकाचंही मी ऐकून घेणार नाही, की बरं झालं गावात राहिला, शुद्ध राहिला, बाजाराचा वारा लागला नाही. गरिबीत कसलं आलंय शुद्ध. त्या बारा गाण्यांवर नंतर किती जण शिकले, किती पैसा फिरला, आणि तो माणूस दुसऱ्याची गुरं राखत होता. हा अन्याय आहे आणि तो अन्यायच म्हणायला हवा.

मग तो सापडला कसा. १९५२ला फोकवेज कंपनीने जुन्या तबकड्यांमधली ८४ गाणी निवडून एक मोठा संच काढला, हॅरी स्मिथने निवडलेला, त्यात हर्टची दोन होती. शहरातली तरुण पोरं ते ऐकून वेडी झाली, पण सगळ्यांना वाटत होतं की हा माणूस आता हयात नसेल. वॉशिंग्टनकडच्या टॉम हॉस्किन्स नावाच्या एका तरुणाने 'एव्हलॉन ब्लूज' ऐकलं आणि त्या एका ओळीवर विश्वास ठेवला. नव्या नकाशात एव्हलॉन नव्हतंच, १८७८च्या एका जुन्या नकाशात सापडलं, ग्रीनवुड आणि ग्रेनेडाच्या मधे. मार्च १९६३ मधे तो तिथे गाडी घेऊन गेला, दुकानावर विचारलं, त्यांनी सांगितलं वर टेकडीवर जा, तिसरी टपालपेटी.

हर्टला वाटलं एफबीआयचा माणूस आलाय. हे लोक हसत हसत सांगतात, पण आठ वर्षांपूर्वी तिथून जवळच, मनी नावाच्या गावातून, एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्यांनी उचलून नेऊन ठार मारलं होतं, आणि त्याच १९६३च्या वर्षी ग्रीनवुडला काळ्यांच्या मतदार नोंदणीवरून गोळ्या चालत होत्या. अशा वेळी एक अनोळखी गोरा दारात येऊन तुझं नाव घेऊन विचारतो, आणि तू सत्तरीचा काळा शेतमजूर. भीती वाटणारच. स्वतःची गिटार तेव्हा त्याच्याकडे नव्हती. हॉस्किन्सने आपली हातात दिली, तो वाजवायला लागला, आणि तो तोच आहे हे कळायला फार वेळ लागला नाही.

पुढचं सगळं भरभर झालं. जुलै १९६३ मधे न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हल, त्याच सुमारास लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी रेकॉर्डिंग, वॉशिंग्टनच्या कॉफीहाउसमधे नियमित कार्यक्रम, टीव्हीवर 'टुनाइट शो', नवे अल्बम. 'कॉफी ब्लूज' मधल्या शब्दांवरून 'लव्हिन स्पूनफुल' या बँडने आपलं नाव घेतलं. त्यानंतरच्या वर्षी सन हाउस आणि स्किप जेम्स हे जुने वादक पण असेच शोधून काढले गेले, त्याआधी बुका व्हाइट. त्यातल्या सन हाउसने गिटार किती तरी वर्षं सोडूनच दिली होती, आपलीच जुनी गाणी त्याला परत बसवावी लागली. हर्टला तसं करावं लागलं नाही. माझं मत असं की सन हाउसचं वाजवणं त्याच्या एका काळाशी बांधलेलं होतं, आणि हर्टचं रोजच्या जगण्यात होतं, गिटार घरात असो नसो, शेजाऱ्याची मागून आणली तरी हात तोच. २ नोव्हेंबर १९६६ला तो गेला, ग्रेनेडाला. म्हणजे नाव झालं ते साडेतीन वर्षांपुरतं.

आता नोकरी सांभाळून वाजवणाऱ्यांबद्दल. ज्याचं तुम्हाला वेड लागलंय तो आयुष्यभर नोकरी सांभाळूनच वाजवत होता, तुमच्यापेक्षा कितीतरी कष्टाची. तुमच्या-त्याच्यात फरक असलाच तर हा की त्याच्याकडे दर शनिवारी माणसं होती आणि तुम्ही दार लावून एकटे वाजवताय. माझ्याकडे येणाऱ्यांमधे जे अडकतात त्यातले निम्मे इथे अडकलेले असतात. कार्यक्रम करा असं मी म्हणत नाही. सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला वाजवा, भाच्यांना नाचवा, आईला विचारा कुठलं गाणं हवंय आणि त्याच अंगठ्यावर ते बसवा, माझी एक विद्यार्थिनी याच ठेक्यावर जुनी मराठी भावगीतं वाजवते आणि सुंदर वाजतात. तुमच्या ठेक्यावर कुणाचा तरी पाय हलला पाहिजे, मग अंगठा आपोआप शहाणा होतो.

गिटारचं पण विचारलं होतंत. मोठ्या ड्रेडनॉटपेक्षा मध्यम आकाराची बघा, मांडीवर नीट बसते आणि खालच्या तारा वरच्यांना झाकत नाहीत. न्यूपोर्टवाल्यांनी हर्टला घेऊन दिलेली गिल्ड एफ-३० त्याच मापाची होती. पण आहे ती गिटार विकून वगैरे हे करू नका, तारा तेवढ्या हलक्या लावा आणि उंची सेट करून घ्या.

आणि आज झोपायच्या आधी एक करा. 'लुइस कॉलिन्स' १९२८चं ऐका आणि लगेच त्याच्या पाठीला 'टुडे!' या १९६६च्या अल्बममधलं तेच गाणं ऐका. पहिल्यात आवाज तरुण आहे, चाल जरा चपळ आहे, तबकडीची खरखर आहे. दुसऱ्यात आवाज म्हातारा झालाय, घाई संपलीये, शब्द सावकाश येतात. दोन्ही वेळा वरचं सगळं सोडून फक्त खालच्या तारा ऐका. मग तीन आठवडे नुसत्या पाच-चार-सहा-चारचे, आणि त्यानंतर फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करून इथेच टाका, गप्पा मारत वाजवलेलं, मी ऐकून सांगतो कुठे अडतंय ते.